पालक

मखमलाबादकडून येताना द्राक्षबागा संपतात तिथं
माझी दोन टाक्यांची शेती आहे. माती नाही.
खाली चिलापी, वर पालक,
मधे खडीला चिकटून राहणारे ते, न दिसणारे,
माशांची घाण पानांच्या घासात बदलणारे.
त्यांना सुट्टी नाही. थंडीत जरा सुस्तावतात, इतकंच.

बिनमातीची भाजी म्हणजे काय, असं पुटपुटत
भिकाबाईनं पहिल्या दिवशी एक पान चावलं
आणि पुढं काहीच बोलली नाही.
तिच्याकडून मिळणारी सर्वांत मोठी पावती ती हीच.

पहिल्या महिन्यात मीच घाई केली.
खडी कोरी होती, तरी मासे सोडले.
चौथ्या आठवड्यात ते वर येऊन तोंडं उघडू लागले,
पाणी तर इतकं नितळ की तळाचा स्क्रू दिसावा.
एकाचा कल्ला उचलून पाहिला:
लाल नव्हता. चहा आटून भांड्याला धरतो, तसा.
पाण्यात हवा होती भरपूर,
रक्तालाच ती धरता येत नव्हती.
अडतीस मासे लिंबाच्या बुडाशी पुरले.
त्या साली लिंबं लगडली.
मी एकही पिळलं नाही.

तेव्हापासून वही आहे, आणि कागदी पट्ट्या.
पालकाचा देठ लसणाच्या खलात ठेचायचा,
रसात पाणी मोजून घालायचं, पट्टी बुडवायची, एक मिनिट थांबायचं.
पांढरी चौकट गुलाबी होते.
रंगपंचमीला रहाडीत उडी मारून आलेल्या पोराच्या
कानामागे दुसऱ्या दिवशी उरतो, तेवढा गुलाबी चालतो.
पौषात नाही उरत तेवढ्यावर.
गोदावरीवरचं धुकं दहापर्यंत हलत नाही,
आणि पान तर रात्रभर पितच असतं,
पचवायला त्याला ऊन लागतं.

आधी आम्ही पहाटे पाचला कापायचो.
आता दुपारी चारला.
गंगापूर रोडच्या दुकानातले छाजेड म्हणाले,
ताई, पान मलूल दिसतं, लोकांना दव पाहिजे.
म्हटलं, दव तुम्ही शिंपडा.
ते हसले. ऑर्डर निम्मी केली.

मग द्वारकेहून मेहजबीनचा फोन.
बाळाला पाचवा लागलाय, काहीतरी हिरवं भरवावं म्हणते,
तुमचा पालक बिनऔषधाचा ना?
बिनऔषधाचा. फवारलं तर आधी मासे मरतील.
हे खरं होतं, आणि इथं थांबता आलं असतं.
पिशवीमागे चाळीस रुपये.
मला तो कल्ला आठवला.
म्हटलं, इतक्यात नको. आधी डॉक्टरांना विचार.
पुढं कधी दिलास तर देठ काढून टाक,
उकळ, ते पाणी ओतून दे,
आणि सकाळचं उरलेलं संध्याकाळी भरवू नकोस.
पलीकडे कोणी बोलेना.
मागे बाळाचा नुसता हुंकार, पाण्यातून यावा तसा.
मग ती म्हणाली, विकणारीच नको म्हणते?
आणि हसली की रागावली, ते फोनवर कळलं नाही.

माझ्या फोनमध्ये गिऱ्हाइकांची आडनावं नसतात,
जो जे नेतो, ते नावापुढं.
मेहजबीन पालक.
तीन वर्षं ते मी भाजी म्हणून वाचत होते.

या आठवड्यात तिनं काही मागवलं नाही.
ऊन तिरपं झालंय, शेडनेट मी निम्मं गुंडाळलंय,
भिकाबाई विळा घेऊन उभी आहे
आणि टेम्पोवाला दोनदा हॉर्न वाजवून बसलाय.
पट्टी माझ्या हातात. चौकट अजून पांढरी.
थांब गं,
मिनिट व्हायचंय.